ताऱ्याची धूळ दाखवायला साक्रीला

सगळ्यांत आधी आली ती शेजारची सिंधूबाई. आमच्या पिशव्या ओट्यावर दिसल्या की हिला घरात बसवत नाही. "कुठे स्वारी?" साक्रीला, बहिणीकडे, म्हटलं. "आणि चैतालीचं लग्न जमवायचं सोडून ते ताऱ्यांचं काय काढलंय?" झालं! नेमकं प्रकाशसमोर. प्रकाश म्हणजे माझा मुलगा, चैतालीचा बाप. पोरीला फुटणाऱ्या ताऱ्यांचं पुढचं शिकायला पुण्याला जायचंय. तो हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. साक्रीजवळ माझ्या बहिणीच्या, अक्काच्या गावात, शाळेतल्या मुलांना चैताली तेच सांगणार होती. त्यानं एकदा ऐकावं, म्हणून 'मला सोबत चल' सांगून ओढून नेला.

सावद्याहून निघायचं तर उजाडताच निघा. भुसावळ, जळगाव, पारोळा करत धुळे. तिथून एसटी बदलून कुसुंबा, नेर, साक्री. बायांना अर्धं तिकीट, माझ्या वयाला तेवढंही नाही. धुळ्यात शेवभाजी खा, पण तर्री बेतानं मागा, मी मागितली नि नेरपर्यंत पाणी पीत बसले. प्रकाश एका जागी ठरेना. केळीची गाडी भरायची होती, सारखा फोन. "आई, उद्याच परतू." "अरे, पोहोचू तर दे!" माझाही जीव खालीवर, पण डोंगर दिसायला लागले तशी मी लहान पोरीसारखी खिडकीला चिकटले.

दुपारी शाळेच्या ओसरीवर चैतालीनं दिवा लावून वर पितळी ताटली धरली. "मोठा तारा फुटतो तेव्हा त्याच्या पोटातलं सगळं तापलेला वायू होऊन बाहेर उडतं. पसरत पसरत ते निवतं, मग त्याचे बारीक कण बनतात, या काजळीसारखे. ही आकाशातली धूळ. पुढे तिच्यातूनच नवे ग्रह, आणि आपणही." ती मुलांना ताटली दाखवायला वळली, तोवर अक्कानं बोट फिरवून मांडीवरच्या पणतूला तीट लावली! ताजं काजळ नि तान्हं लेकरू एका जागी दिसलं की आमचा हात राहत नाही. मग बाकीच्या आयाही धावल्या. ताटली लख्ख.

"अगं अक्का, ते शिकवायचं होतं!"

"मंग काय व्हयनं? काजळ लावासाठेच शे ना!"

चैताली हसली. "वरही असंच होतं, अक्का. उडालेला माल बाहेरच्या वायूवर आपटतो, धक्का उलटा आत फिरतो आणि नव्या धुळीचा चुरा करतो."

फाटकाशी उभ्या प्रकाशनं फोन कानावरून काढला. "मग उरते किती?"

"तेच अजून नीट माहीत नाही, पप्पा. मला तेच शोधायचंय."

फोन वाजत राहिला, त्यानं घेतला नाही. परतताना मात्र पारोळ्यापर्यंत प्रश्नच प्रश्न. एवढ्या लांबची धूळ दिसते कशी? ती म्हणाली, डोळ्याला नाही, वेगळ्या दुर्बिणीला तिची ऊब दिसते.

घरी आले तरी माझे पाय थाऱ्यावर नाहीत. ओटा झाडताना मध्येच थांबते, केराकडे बघत बसते. कंबर दुखतेय, पण पुन्हा जाईन.

पुढच्याच आठवड्यात चैताली पुण्याला निघाली. बॅग प्रकाशनंच गाडीत चढवली. सासरी गेलेल्या लेकींना आम्ही आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी बोलावतो. गाडी हलली तसा तो खिडकीशी चालत चालत म्हणाला, "आखाजीले येशील ना?"

येते म्हणाली. आखाजीला.