फोडणीचा वास त्यांच्या अंगणात

मुलांनो, विजेचं कुठलंही काम हातात घेण्याआधी वहिनी पदराला गाठ मारायच्या. गाठीत आमच्या घराचा फ्यूज असायचा. मेन बोर्डातला तो पांढरा, चिनी मातीचा फ्यूज उपसायचा, पदरात बांधायचा आणि मगच वायरला हात लावायचा. "फ्यूज माज्यापाशी, जीव माज्यापाशी," असं म्हणायच्या.

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "आज्जी, नव्या घरासाठी कोणती हत्यारं घेऊ?" मी उत्तर द्यायला गेले आणि तोंडातून त्यांचे शब्द निघाले, "हाताला इचारा." तुम्ही हसलात. कुणाचे शब्द होते ते सांगावं, म्हणून लिहिते आहे.

त्या आमच्या शेजारच्या वहिनी. जुळे सोलापुरातल्या आपल्या घराला लागून त्यांचं अंगण आहे, ते तुम्ही पाहिलंय. मूळच्या करकंबच्या. यजमानांचं तिथं शेतातल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीत नवी तार भरता भरता त्या वायरिंगही शिकल्या. यजमान गेल्यावर मुलाकडे इथं आल्या. पुढे मुलाची नागपूरला बदली झाली, तो गेला, त्या राहिल्या. मी शाळेत इंग्रजी शिकवलेलं, म्हणून साऱ्या गल्लीसारखी त्यांच्यासाठीही मी 'बाई'.

एकदा आमच्या दारावरची घंटा दुरुस्त करून त्या तशाच एसटीत बसून गावाला गेल्या. इकडे घरात पंखा नाही, दिवा नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "बाई, तुमचा उजेड करकंबात आलाय की!"

एका वर्षी माझा खोकला हटेना. शेंगाचटणीसाठी मिरची भाजली की मला धाप लागायची. तुमचा बाबा म्हणाला, "आई, आता घर बंद कर आणि इकडे ये." मला जायचं नव्हतं. शेवटी आमचं ठरलं, ओट्यावर धूर ओढणारी चिमणी बसवून बघायची. खोकला थांबला तर मी इथं, नाही तर सामान बांधायचं.

वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या तुरीची डाळ निवडत होत्या.

"जाताय व्हय?" म्हणाल्या आणि खाली बघून खडे काढत राहिल्या.

बाबाने पाठवलेली चिमणी आली. बसवणारा माणूस भिंतीकडे बघून म्हणाला, "आधी विजेचा पॉइंट काढून घ्या, मग बोलवा." दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी रिक्षा घेऊन दारात. "चला, हत्यारं आणू. माज्या पकडीचं तोंड गेलंय."

दुकानात मला एक देखणी पेटी आवडली. आत सगळं आपापल्या खाचेत, ओळीने मांडलेलं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहेच. वहिनींनी झाकण उघडून पाहिलं. "ह्यातलं चार लागतंय. बाकीचं पाव्हण्यांस्नी दावायला." मग त्यांनी एकेक पक्कड हातात घेऊन उघडझाप करून पाहिली. दुकानदार एकीचं कौतुक करू लागला, तेव्हा म्हणाल्या, "तुमी थांबा हो, माज्या हाताला इचारतीया." पक्कड, टेस्टर, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि चिकटपट्टी घेऊन आम्ही परतलो. तुम्हीही एवढंच घ्या. पकडीची मूठ मात्र स्वतःच्या हातात धरून बघा.

कामाला दोघी. मी चिमणीसोबत आलेलं इंग्रजी पत्रक मोठ्याने वाचायची, त्या वायर ओढायच्या. चिमणीला वेगळी लाइन दिली, अर्थिंग नीट आहे का ते दिवा लावून तपासलं. उंचीवरून मात्र जुंपली. त्यांना चिमणी शेगडीच्या अगदी जवळ हवी होती. "वर टांगली तर धूर पळून जातोय की." मी म्हटलं, "आणि खाली टांगली तर पेटेल." तिथं मी हटले नाही. धूर बाहेर सोडणाऱ्या पाइपाच्या बाबतीत त्या हटल्या नाहीत. मागची भिंत जवळ होती, पत्रकातही पाइप आखूड ठेवा असं होतं. पण त्यांनी बाजूच्या भिंतीवर, म्हणजे स्वतःच्या अंगणाकडे, खडूने गोल काढला.

"मागनं वारं लई येतंय. धूर उलटा आत यील."

"अहो, पण तुमच्या अंगणात तेलकट वास येईल."

"यीना का."

गवंड्याने तिथंच भोक पाडलं. चिमणी लागली आणि पंधरवड्यात माझा खोकला उतरला. बाबाने पुन्हा विषय काढला नाही.

पावसाळा संपता संपता मला ताप आला. सकाळी ओट्याकडे गेलेच नाही. थोड्या वेळात फाटक वाजलं. वहिनी हातात टेस्टर घेऊन आत आल्या.

"चिमणी बंद पडली व्हय?"

"नाही. का?"

"न्हाय, फोडणीचा वास आला न्हाय, म्हणून..."

टेस्टर त्यांनी कमरेला खोचला आणि माझ्या कपाळाला हात लावला. मग हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं करून मला पाजलं. पडल्या पडल्या माझं लक्ष भिंतीतल्या पाइपाकडे गेलं. मागच्या वाऱ्याचा नुसता बहाणा होता, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर अंगात कसकस असली तरी मी सकाळी निदान जिरं-मोहरी तरी तडतडवायची.

पुढे त्यांचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. रिक्षात बसताना टेस्टर माझ्या हातात ठेवला. "तितं मला कोण बोर्ड उघडू देतंय!" तिथून सकाळी फोन यायचा. नमस्कार नाही, काही नाही, थेट "फोडणी दिली का?" मी "दिली" म्हटलं की म्हणायच्या, "हितं कुणाचाच वास येत न्हाय, बाई. समद्यांच्या खिडक्या बंद."

गेल्या थंडीत एका सकाळी त्यांच्याऐवजी त्यांच्या मुलाचा फोन आला.

त्यांच्या घराला आता कुलूप आहे. बाबा म्हणतो, पाइप आता मागच्या भिंतीकडे वळवून घेऊ, तेवढाच आखूड होईल. मी नको म्हटलं. टेस्टर माझ्या ओट्याच्या खणात आहे. चिमणी चालू आहे, आणि तिचं तोंड त्यांच्या अंगणाकडेच आहे.