वाचनालयात मी आतच राहिले

सांगू की नको असं करत सहा महिने हे पोटात ठेवलंय. पण आता चहा समोर आलाय आणि तुम्ही सगळे घरचेच, तेव्हा ऐका. हसायचं असेल तर शेवटी एकदाच हसा. मधेमधे हसलात तर मी उठून जाईन.

उठून तर मी तशीही जाते म्हणा! मूळची अमरावतीची, पुण्यात येऊन आठ वर्षं झाली, पण एका जागी बसणं मला दोन्हीकडे जमलं नाही. सिग्नलला स्कूटरवरसुद्धा माझा पाय नाचत असतो.

तर धायरीत आमची छोटीशी कंपनी. मी, सागर आणि कोड लिहिणाऱ्या दोन मुली. काम काय, तर लॉगिन! जागोजागी वेगळा पासवर्ड नको. फोनवर बोट ठेवा, एकदा ओळख पटवा, की सगळीकडे आत. आणि ही ओळख कुणा बड्या कंपनीच्या खिशात नाही बरं का. जगभरातले लोक मिळून सगळ्यांसमोर नियम ठरवतात, कुणीही यावं, तपासावं. ऐकायला किती छान! पण गिऱ्हाईक? एक नाही हो!

शेवटी सागर म्हणाला, "शुक्रवारी शनिवार पेठेतल्या वाचनालयाने होकार दिला तर ठीक. नाहीतर सोमवारी मी जुन्या नोकरीवर परत."

सागर गेला म्हणजे कंपनीच गेली. त्याच्याशिवाय मी एकटी काय करणार होते, कपाळ?

शुक्रवारी सकाळी पोचले. वाचनालयाचे चिटणीस बापटसर, गणिताचे निवृत्त शिक्षक. वाचनकक्षातल्या संगणकासमोर ते बसले, मी शेजारी उभी.

"खोट्या नावाने दाखवू नका," सर म्हणाले. "स्वतःच्या नावाने दाखवा."

दाखवलं की! फोनवर बोट ठेवलं, आणि पुस्तकांची यादी, माझी ईमेल, ऑफिसचा ग्रुप, जगभरातल्या मंडळींचं चर्चेचं पान, सगळं त्या पडद्यावर धडाधड उघडलं.

"म्हणजे एक दार उघडलं की सगळं घर उघडं," सर म्हणाले.

"अगदी बरोबर, सर!" हे मी अभिमानाने म्हटलं, ऐकताय ना? "संध्याकाळपर्यंत मनसोक्त वापरून बघा!"

आणि निघाले. काय राहिलं, आलं का लक्षात? माझ्याही नव्हतं आलं.

धायरीत पोचून हेल्मेट काढते, तोच फोन वाजला. ऑफिसच्या ग्रुपवर सागरने विचारलं होतं, "कसं झालं??" आणि खाली माझ्या नावाने उत्तर, "काय कसे झाले? प्रश्न पूर्ण विचारावा."

सागर आतल्या खोलीतून बाहेर आला. "एवढं चिडायला काय झालं?"

"अरे, मी नाही लिहिलं!"

तेवढ्यात अमरावतीहून बाबांचा फोन. बाबा अजून ईमेल लिहितात. "काय गं, जेवलीस का विचारलं, तर 'अद्याप नाही, कळावे' असं लिहितेस? बापाला 'कळावे'?"

मी फोन ठेवला. "सागर, कुणीतरी आपल्यात घुसलंय!"

"थांब, आधी बघू तरी."

थांबायचं? मी? आमच्या खुल्या कारभारात एक शिस्त आहे, भगदाड पडलं तर लपवायचं नाही. जगभरातली मंडळी जिथे चर्चा करतात त्या पानावर मी लगेच ठोकून दिलं, "आमच्या लॉगिनमध्ये भगदाड. कुणीही वापरू नये." तिथे एकदा लिहिलेलं खोडता येत नाही.

मंडळी धावून आली. जर्मनीच्या एकाने विचारलं, कधीपासून, कसं? मी फोन उघडेपर्यंत माझ्याच नावाने खणखणीत इंग्रजीत उत्तर गेलंसुद्धा. चौकशी करणाऱ्याने आधी आपलं पूर्ण नाव लिहावं म्हणे!

"मला सगळीकडून बाहेर काढ!" मी किंचाळले. "ते एक बटण असतं ना?"

"होतं कामांच्या यादीत," सागर म्हणाला. "'ते कोण वापरतंय, नंतर बघू' असं कोण म्हणालं होतं?"

ते जाऊ द्या.

सागरने लॉगिनच्या नोंदी उघडल्या. घुसखोराच्या संगणकाचं नाव, 'वाचनकक्ष दोन'. इथे कुणाही शहाण्या माणसाला उलगडा झाला असता. मला काय वाटलं सांगू? चोर वाचनालयात शिरलाय! सागर मागून काहीतरी सांगत होता, पण मी केव्हाच जिना उतरले होते.

सिंहगड रस्त्यावर ही गर्दी! प्रत्येक सिग्नल नेमका माझ्यासाठी लाल. कशीबशी पोचले, दार ढकललं आणि हेल्मेटसकट ओरडले, "कुणीही जागचं हलू नका!"

आत आठ-दहा आजोबा पेपर वाचत होते. एकाने पेपर खाली न घेताच विचारलं, "इथे हलतंय कोण, तुमच्याशिवाय?"

आणि संगणकासमोर कोण? बापटसर! शेजारी वही, हातात पेन.

"आलात? बसा. चौदा प्रश्न आले, सगळे सोडवले. तुमचा सराव-संच चांगला आहे, फक्त विचारणाऱ्यांना शिस्त नाही."

सराव-संच! माझ्या अख्ख्या संसाराला सर सराव-संच समजले होते. मी म्हटलं वापरून बघा, त्यांनी इमानेइतबारे वापरलं. कारण मी लॉगआउटच केलं नव्हतं! जगाला लॉगिन शिकवायला निघालेली बाई!

लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त भीती वाटली. सोमवारी जुन्या ऑफिसात जाणारा सागर डोळ्यांसमोर दिसायला लागला. काय करणार, सगळं खरं सांगून टाकलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तेवढ्या वेळात मी चार वेळा उठले आणि बसले.

"यंत्रणा चोख आहे," सर म्हणाले. "सकाळपासून एकदाही अडली नाही. दोष बाईंमध्ये आहे, आणि बाई करारात येत नाहीत."

आणि सही केली! खाली स्वतःच्या अक्षरात अट लिहिली, सगळीकडून एकदम बाहेर पडण्याचे बटण आधी बसवावे.

सोमवारी सागर आमच्याच ऑफिसात आला. आल्या आल्या म्हणाला, "तो जर्मनीवाला अजून भगदाड शोधतोय. त्याला काय ते सांग." मग लिहिलं मी, "भगदाड सापडलं. मीच आहे." माझ्या पूर्ण नावासकट. तेही आता खोडता येत नाही.

बटण कधीच बसवलं हो. तरी ज्या दिवशी मी तिथे कामाला जाऊन येते, त्या दिवशी वाचनालय बंद करताना बापटसरांचा फोन येतो. "बाई, बाहेर पडलात का?"

"हो सर!" मी तोऱ्यात सांगते.

परवा म्हणाले, "बघून सांगा."

बघितलं. आतच होते.