घर किती जेवते?

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आमच्या गावच्या मिस्त्रीमामांचं नाव घेतो. घाटंजीच्या बाजाराला जाताना कुठे नवं घर दिसलं की ते थांबत, भिंतीला तळहात लावत आणि मालकाला विचारत, “घर झ्याक हाय. पण जेवते किती?”

मालक गोंधळला की ते समजावत, “उभं राहाले किती खाल्लं, अन् आता रोज किती खाते? बैल घेतानी इचारता, मंग घर बांधतानी काहून नाही?”

त्यांचा हिशेब साधा होता. “राजूरच्या खाणीतला कोळसा भट्टीत जाते, ईट भाजते. त्या ईटेचं घर तापते. मंग कूलर, कूलरले लाईन, लाइनीले पुन्हा कोळसा. एका घरापायी कोळसा दोनदा जळते, अन् मालक तिसरा!”

त्यांचं स्वतःचं घर मातीचं. दीड हात जाड भिंती, वर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, चिखल आणि कवेलू, म्हणजे कौलं. आमच्या घरावर टिनं होती. उन्हाळ्यात आत पापड भाजले असते. त्यामुळे पदवीच्या प्रत्येक उन्हाळी परीक्षेचा अभ्यास मी मामांच्या मधल्या खोलीत केला. तिथेच एका कोपऱ्यात आंब्यांची अढी असे. कुणी मोठ्याने बोललं की मामा ओरडत, “हळू बोल ना बे! आत आंबे अन् साहेब, दोन्ही पिकून राह्यले.”

मी पिकलो. आमच्या घराण्यातला पहिला इंजिनिअर झालो आणि सरकारी घरकुलांसाठी कच्च्या घरांच्या पाहणीच्या कामावर लागलो. ती कापसाची पडती वर्षं होती. शिवारात कापूस कमी आणि गावात योजना जास्त पिकत. एकदा आमचे मोठे साहेब ऊर्जाबचतीवर भाषण द्यायला माझ्या गावी आले. सभागृह स्लॅबचं, मे महिना, लाईन गेलेली. पंख्यांसाठी जनरेटर लावला आणि त्याच्या आवाजावर आवाज चढवून साहेबांनी ऊर्जा कशी वाचवावी ते सांगितलं. सदरा घामाने चिंब झाला.

नंतर मामांकडे चहा झाला. साहेबांनी भिंतीला डोकं टेकलं आणि ते पाच वाजेपर्यंत घोरले. उठून मला म्हणाले, “मातीच्या भिंती. लिहा, कच्चं घर.”

मी लिहिलं. आनंदाने लिहिलं. कच्चं घर म्हणजे मामांना नवं घर मिळणार, त्यांचे उपकार फिटणार!

मामा खूप हसले. “घामानं भिजला ते पक्कं, घोरला ते कच्चं! वा रे शिकेल लोक!” मग माझ्या हातातला फॉर्म दिसला आणि ते थांबले. “तुह्या हातानं मिळून राह्यलं ना बाबू? मंग नाही कसं म्हणू?”

घर बसेल अशी जागा एकच, म्हणून जुनं घर पाडावं लागलं. कवेलू त्यांनी स्वतः उतरवले. एकही फुटू दिला नाही.

पुढच्या मे महिन्यात मी पेढे घेऊन गेलो. भर दुपारी स्लॅबच्या नव्या घराला कुलूप आणि मामा-मामी दोघं मागच्या निंबाखाली. मामी म्हणाल्या, “घर पाहाले तिकडं जाय, बसाले इथं ये.” मी मामांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. गावातल्या प्रत्येक घराला त्यांनी तो प्रश्न विचारला होता. आपल्या घरापुढे त्यांनी तो विचारला नाही. माझ्या आईची तब्येत विचारली.

परतल्यावर मी त्यांना पत्र पाठवलं:

“तीर्थस्वरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. नवं घर किती जेवतं ते तुम्ही विचारलं नाही, म्हणून मीच सांगतो. उभं राहताना त्याने तुमचं जुनं घर खाल्लं, आता रोज तुमची दुपार खातं. फॉर्म मी भरला होता. त्यातलं आता काही खोडता येत नाही. पण निंबाशेजारी दहा हात जागा आहे आणि तुम्ही कवेलू रचून ठेवलेत, ते मी पाहिलं. सोमवारपासून रजा घेतली आहे. चिखल मी तुडवीन. भिंत कशी चढवायची ते तुम्ही सांगा. माती कोणत्या नाल्यावरची आणायची, तेवढं कळवा.”