दादांची नाडी

स्वतःच्या नाडीवर इतकं प्रेम करणारा दुसरा माणूस जगात नसेल. दादा म्हणजे माझ्या बायकोचे मावसभाऊ. आयर्लंडमधल्या शॅननला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि आमच्यापासून दोन गल्ल्यांवर मुक्कामी. दोन हजार वीस साली सगळे घरात कोंडले गेले तेव्हा लोक पाव भाजायला शिकले; दादांनी तब्येत मोजणारं घड्याळ बांधलं. झोप कशी लागली हेही ते सकाळी घड्याळालाच विचारत. "जावईबापू, मला वाटलं मस्त झोपलो. पण नाही हो झोपलो," असं सांगून दिवसभर जांभया देत. शेजारच्या आयरिश आजींनी सहज "कसे आहात?" म्हटलं, तर हे खरोखरच आकडे सांगत. आजी "ग्रँड, ग्रँड", म्हणजे छान छान, करत दार लावून घेत. बायको मात्र भारावलेली. "दादा बघ कशी स्वतःची काळजी घेतो," हे मला नेमकं दुसऱ्यांदा भात घेताना ऐकावं लागे. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मनगट मलाही होतं, पण त्याची घरात कुणी चौकशी करत नसे.

त्या वर्षी गणपतीची आरती व्हिडिओ कॉलवर झाली. दादांनी अशा टाळ्या पिटल्या, की घड्याळाने त्यांना झपझप चालल्याचं श्रेय दिलं. म्हटलं, सापडला चोर! बायको म्हणाली, "बघ, दादा आरतीतही व्यायाम करतो." पुढे विसर्जनापर्यंत दादांनी एकही कडवं गाळलं नाही. ते घड्याळ एकदा तरी त्यांच्या तोंडून खोटं ठरावं, एवढीच माझी इच्छा उरली.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर ती पुरी झाली. नाशिकला मावशींना, म्हणजे दादांच्या आईला, ऑक्सिजन लावला होता आणि दादांना जाता येत नव्हतं. आम्ही खाडीकाठच्या बाकावर दोन टोकांना बसलो होतो. दादा म्हणाले, "घड्याळ बिघडलंय. नुसता बसलोय, तरी नाडी धावतेय." त्यांनी ते काढून माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही बांधून बघा बरं."

मी बांधलं. माझी नाडी संथ चालली होती. मी हळूच बाही खाली ओढली.

"माझीही धावतेय दादा. बिघडलंच आहे."

"वाटलंच मला," ते म्हणाले आणि मोकळं मनगट चोळत फोनकडे बघत राहिले. ज्याच्यावर वर्षभर जळलो ते घड्याळ माझ्या बाहीखाली बिनचूक चाललं होतं, आणि ते खरंच बिघडलेलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला वाटत होतं.