नायदेननं शिकवलेल्या माना

नायदेनला त्याच्या आईनं जन्मल्यावर आठवड्याभरात तिठ्यावर ठेवलं होतं. टाकून दिलं नव्हतं. तिची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून आमच्याकडच्या जुन्या रीतीनं हे मूल टोपलीत घालून रस्त्यात ठेवलं, आणि जो पहिला येईल त्यानं ते सापडलं म्हणून उचलून आईला परत द्यायचं. मरणाला वाटावं, हे त्या घरचं नव्हेच. पहिला आला तो दूध गोळा करणारा. तो पोराचा धर्मबाप झाला आणि नाव पडलं नायदेन, म्हणजे सापडलेला. युक्ती लागू पडली. पोरगं जगलं.

मी तालुक्याच्या शाळेत फ्रेंच शिकवत असे. निवृत्त झाले, नवरा गेला, आणि मी कालिनोव दोलला माहेरच्या घरात राहायला आले, तेव्हा नायदेन गावचा कारभारी होता. आमचं गाव इतकं आटलं आहे की इथे सरपंचाची निवडणूक होत नाही. नगरपालिका आपला माणूस नेमते. त्याला नेमलं, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. तो मूळचा सहकारी शेतीच्या पंपावरचा माणूस. शेती मोडली, पंप भंगारात गेला. मग लाकडाच्या वखारीत लागला, तीही बंद पडली. बायको देंका इटलीला म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली, दोन वर्षांसाठी म्हणून, आणि तिथेच राहिली. भांडण काही नव्हतं. दर रविवारी तिचा फोन यायचा.

कारभाऱ्याचं काम तसं थोडं. दाखले द्यायचे, कर घ्यायचा, नगरपालिकेच्या सूचना दारावर चिकटवायच्या. नायदेन सकाळी कचेरीतला स्टोव्ह पेटवायचा आणि गावातून एक फेरी मारायचा, नजर धुराड्यांवर. ज्या घरातून धूर निघत नसेल तिथे दार ठोठवायचा. दुपारी आपली खटारा गाडी काढून तालुक्याला जायचा आणि अख्ख्या गावाची औषधं, पाव, कोंबड्यांचं खाद्य घेऊन यायचा. बस बंद झाल्यापासून आमचं येणं-जाणं त्याच गाडीवर होतं.

सर्वांत जास्त भार वेलाचा. वेला माझी शेजारीण, पंच्याऐंशी उलटलेली, एकटी, पायांनी अधू आणि जिभेनं धडधाकट.

"नायदेन, तू मेलास तर माझ्या गोळ्या कोण आणणार?" ती विचारायची.

"मीच आधी मरणार, हे कोणी ठरवलं, वेलामावशी?"

"तुझं पोट बघून ठरवलं."

तो हसायचा, तिच्या चुलीशेजारी लाकडं रचायचा, आणि जाताना गोळ्यांची पुडी तिच्या चष्म्याखाली ठेवायचा, म्हणजे चष्मा उचलला की ती दिसावी.

मग यंत्र आलं. आमची नगराध्यक्षा स्वेतोमिरा, माझीच विद्यार्थिनी, हुशार आणि कामसू. पैसे खाणारी नव्हे, हे आधीच सांगते, कारण लोकांना तसं ऐकायला आवडतं. तिनं प्रत्येक गावाच्या कचेरीत बोटानं चालणारा पडदा असलेलं एक यंत्र बसवलं. त्यावर कर भरता यायचा, दाखला मिळायचा, डॉक्टरकडची औषधाची चिठ्ठी नव्यानं काढता यायची, रस्त्यावरचा दिवा गेला तर तक्रार करता यायची. प्रत्येकाला एक कार्ड. उद्घाटनाला पाहुण्यांच्या स्वागताचं पाव आणि मीठ झालं, फीत कापली, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी बहिऱ्या गेनोनं पडद्याला बोट लावलं, तर त्यानं गेनोकडे ईमेलचा पत्ता मागितला. गेनो म्हणाला, "मला पत्र लिहिणारं आता कोणी उरलं नाही," आणि घरी गेला.

आठवड्याभरात सगळ्यांची कार्डं नायदेनच्या टेबलाच्या खणात जमली. तोच ती यंत्रात घालायचा, तोच बटणं दाबायचा. दिवे, कर, चिठ्ठ्या, सगळं होऊ लागलं. पंपावरचा माणूस, यंत्र त्याला आवडायचं. तालुक्यात यंत्र वापरण्यात आमचं गाव पहिलं आलं. नगरपालिकेत त्याचा सत्कार झाला, मोठ्या आकाराचं घड्याळ मिळालं, ते त्यानं कचेरीतच लावलं.

त्याच वर्षी स्वेतोमिरानं युरोपच्या एका शिक्क्यासाठी अर्ज केला. चांगला कारभार आणि नवे उपक्रम करणाऱ्या नगरपालिकांना तो मिळतो. शिक्का मिळाला की पुढे निधी मिळायला सोपं जातं, आणि आमच्या तालुक्याला निधीची गरज होती, यात शंका नाही. तिची योजना अशी होती की यंत्र असलेल्या गावांत कारभारी ठेवायचे नाहीत. एक कारकून आठवड्यातून एकदा प्रत्येक गावात जाईल, आणि वाचलेल्या पगारांतून तालुक्यात रुग्णवाहिका येईल. पण लोकांना विचारल्याशिवाय करायचं नाही, हाही त्या शिक्क्याचा नियम. म्हणून बाहेरची एक तपासणीस बाई गावोगाव येऊन लोकांशी बोलणार होती. गावानं कारभारी हवाच असं सांगितलं तर तो राहणार. स्वेतोमिरानं हे भर सभेत सांगितलं, आणि ती शब्दाची पक्की आहे.

नायदेन घाबरला. पगार किरकोळच होता. पण ती खुर्ची गेली तर चिठ्ठ्या काढायचा, औषधं उचलायचा अधिकार जाणार होता. औषधाच्या दुकानात दुसऱ्याची गोळी कोणालाही देत नाहीत. कारभाऱ्याला देतात.

तो संध्याकाळी माझ्याकडे आला. "मास्तरीणबाई, तुम्ही परदेश पाहिलाय. तिकडे मान कशी हलवतात?"

"म्हणजे?"

"हो म्हणताना. आपली मान वेगळी, असं देंका सांगते. ती इटलीत पहिल्या महिन्यात उपाशी राहिली. जेवणार का विचारलं की ही आपल्यासारखी मान आडवी हलवायची, आणि ते ताट उचलून न्यायचे."

ते खरंच आहे. आमच्याकडे आडवी मान म्हणजे हो, आणि मान वर उडवली, जीभ टाळ्याला लावून 'च्' केलं, की नाही. बाकी युरोपात नेमकं उलट. मी त्याला तसं सांगितलं. पुढच्याच दिवशी मला डोळ्याच्या शस्त्रक्रियेला राजधानीत जायचं होतं, आणि माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

पुढचं वेलानं मला सांगितलं, मी डोळ्याला पट्टी बांधून परत आले तेव्हा. ती खूश होती.

"अगं, शाळा भरवली त्यानं आमची. वाचनालयात बसवलं रांगेनं. म्हणाला, बाई परदेशी आहे, बिचारी गोंधळेल, तर आपण तिच्या पद्धतीनं बोलायचं. तिनं विचारलं की कारभारी नसला तर चालेल का, तुमचं तुम्हाला जमेल का, तर काय करायचं? आडवी मान. म्हणजे तिच्या भाषेत नाही. तीनदा घोकून घेतलं. गेनो सारखा चुकायचा, त्याची मान आपोआप वर उडते. त्याच्या शेजारी मला बसवलं, कोपरानं ढोसायला."

"आणि बाई आली?"

"आली. गोड बाई. आणि गंमत म्हणजे, आपली भाषा थोडी शिकून आलेली. मोडकी-तोडकी, पण आपलीच. दुभाषी होताच, पण प्रश्न तिनं स्वतः विचारला. नायदेनला बाहेर उभं केलं होतं, अक्रोडाखाली, म्हणजे त्याच्यासमोर आम्ही संकोचू नये. ती म्हणाली, कारभारी नसेल तर या यंत्रावर तुमची कामं तुम्ही स्वतः कराल का? आणि आम्ही सगळ्यांनी, सगळ्यांनी हं, गेनोनंसुद्धा, अशी." वेलानं मान आडवी हलवून दाखवली.

"तोंडानं काही बोललात का?"

"कशाला? मान होती ना. गेनोनं बस परत सुरू करा म्हणून सांगितलं."

"वेला, जी बाई आपली भाषा शिकून आली, ती आपली मानही शिकून आली नसेल का?"

 वेलानं चष्मा काढला आणि एप्रनला पुसत बसली.

मी त्याच दिवशी नगरपालिकेत गेले. स्वेतोमिरानं उठून खुर्ची दिली, कॉफी मागवली.

"बाई, मी स्वतः त्या खोलीत होते," ती म्हणाली. "मी विचारलं असतं तरी मला तेच उत्तर दिसलं असतं. अख्खं गाव हो म्हणत होतं. खरं सांगू, मला वाईट वाटलं. म्हटलं, नायदेनभाऊंनी इतकं केलं आणि यांना त्याचं काहीच नाही."

मी तिला मानांची शाळा सांगितली. ती सुरुवातीला हसली. मग हसायची थांबली.

"हे कोणी मान्य करणार नाही, बाई. परिषदेत सांगू काय? की गावानं परदेशी मान हलवली? विरोधक मला फाडून खातील. म्हणतील, निकाल आवडला नाही म्हणून मास्तरीणबाईंनी गोष्ट रचली. आणि यंत्राचे आकडे? तुमच्या गावातला प्रत्येक माणूस ते वापरतो."

"नायदेन वापरतो. सगळ्यांच्या नावानं."

"मग ते त्यांनी सांगायला हवं होतं," ती हळू म्हणाली. तिचंही खोटं नव्हतं.

तरी तिनं विषय परिषदेत मांडला, एवढं तिला मानलं पाहिजे. मी तिथे उभी राहून बोलले, बरीच बोलले, दोनदा वेळ संपल्याची घंटा वाजवली तरी बोलले. सभासद हसले, त्यातले निम्मे माझ्या हातचा मार खाल्लेले. मतदान झालं आणि कारभारी गेले. कारभारी हवाच असं न सांगितलेल्या सगळ्याच गावांतले, आमच्याही. तपासणीस बाईला मी फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं. तिचं उत्तर लगेच आलं, ओशाळलेलं, माणुसकीचं. इथे येण्याआधी तिनं आमच्या माना मुद्दाम शिकून घेतल्या होत्या, आमचा मान राखायचा म्हणून. अहवालात दुरुस्ती जोडते म्हणाली, आणि जोडलीही. निर्णय नगरपालिकेचा होता, तो फिरला नाही.

स्वेतोमिरानं नायदेनला दुसरं काम देऊ केलं: गावोगाव फिरून लोकांना यंत्र शिकवायचं. तो माझ्या ओसरीवर बसून राकियाचा, म्हणजे आमच्या घरगुती दारूचा पेला हातात फिरवत होता, पीत नव्हता.

"शिकवायचं म्हणे. मी शिकवलं की काय होतं ते पाहिलं ना त्यांनी."

"तुझी चूक नव्हती."

"मग कोणाची, मास्तरीणबाई? गेनोची? तो तर चुकीची मान हलवायला तयार होता. मीच त्याला ढोसायला लावलं."



गुरुवारी कारकून येऊ लागली. तरुण, नम्र मुलगी. पहिले काही गुरुवार नायदेन कचेरीत जाऊन बाकावर बसायचा, लोकांबरोबर.

"आजोबा, आपलं काय काम?"

"काही नाही. स्टोव्ह धूर करतो का बघायला आलो."

तिनं कचेरीत विजेचा हीटर आणला होता.

तो धुराड्यांची फेरी मारत राहिला. पण औषधाच्या दुकानात त्याला गोळ्या मिळेनात. कारभारी नाही, नातेवाईक नाही, अधिकारपत्र आणा. अधिकारपत्र काढायचं तर वेलानं नोटरीसमोर जायला हवं, आणि वेलाचे पाय आता तिला जिनाही उतरू देत नव्हते. मी माझ्या नावावर खटपट केली, कधी जमलं, कधी नाही. थंडीत एकदा मध्ये गोळ्या चुकल्या आणि वेला मोरीजवळ पडली. नवी रुग्णवाहिका आली, पटकन आली, तेही नमूद करते. दवाखान्यातून तिला घरी सोडेनात, एकटी राहते म्हणून. तालुक्याच्या वृद्धाश्रमात जागा दिली. स्वच्छ जागा आहे, खिडकीत फुलं आहेत.

तिचे कपडे न्यायला नायदेन आणि मी गेलो होतो. तो घरभर फिरला, पाण्याचा नळ बंद केला, पाइपातलं पाणी काढून टाकलं, गोठू नये म्हणून. कोंबड्या पोत्यात घालून आपल्या घरी नेल्या. वृद्धाश्रमात वेलानं त्याला विचारलं, "घरी कधी नेतोस?" तो म्हणाला, "वसंतात." तिला ते पटलं नाही. जीभही तिची तेव्हापासून मऊ झाली.

मार्चमध्ये तो देंकाकडे इटलीला गेला. जाण्याआधी कोंबड्या गेनोला दिल्या. देंका ज्या म्हाताऱ्याकडे काम करते, त्याला उचलायला पुरुषमाणूस लागायचा. नायदेनला ते काम मिळालं. मी म्हटलं, तिथे तुला भाषाही येत नाही. तो म्हणाला, "उचलायला भाषा लागत नाही."

वेला मे महिन्यात गेली. मी त्याला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"जवळ कोणी होतं?"

"परिचारिका होती. सगळं वेळेवर केलं त्यांनी."

"आपलं कोणी?"

त्याच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते. "नाही," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. मग आतून कोणीतरी त्याला हाक मारली, परक्या भाषेत, म्हाताऱ्याच्या आवाजात. "मास्तरीणबाई, याला कूस बदलून द्यायची वेळ झाली," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.