तपासणीच्या दिवशी बाई मला न्यायला आल्या

तिसरीत होते आणि मला वाचता येत नव्हतं.

घरी कुणाला पत्ता नव्हता. मागच्या बाकावर बसून मी सगळ्यांच्या सुरात सूर मिसळायचे. खचाखच भरलेला वर्ग, कोणाला कळणार?

कळलं फक्त आमच्या वर्गाच्या परबबाईंना. त्या आज सकाळी गेल्या.

साठच्या दशकातली वर्सोव्याची आमची म्युनिसिपालटीची शाळा. खिडकीतून खाडीचं ऊन आत यायचं, खडूची भुकटी त्यात तरंगत राहायची. अजूनही डोळे मिटले की मी तिथेच असते.

शाळेची एक पद्धत होती. इन्स्पेक्टर यायचे त्या दिवशी 'कच्ची' मुलं घरी. रिमार्क चांगला मिळायला हवा ना!

माझे मार्क बघून हेडमास्तर मला म्हणाले, "उद्या येऊ नकोस."

आईला बरंच झालं. बोंबील वाळत घालायला दोन हात वाढले. म्हणाली, "आता जाऊच नको शालेत."

खोटं कशाला बोलू, मलाही हायसं वाटलं.

सकाळी वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून बाई चालत आल्या. पांढरं पातळ वाऱ्यावर, मागे सगळं पाणी चकाकतंय. मला वाटलं, मी झोपेतच आहे.

"चल गो."

आई आडवी आली. "हेडमास्तरांनीच सांगलंय, पोरीला धाडू नको."

"माझ्या वर्गातली आहे ती. मी नेणार."

आणि इन्स्पेक्टरनी नेमकं मलाच उठवलं. हातात पुस्तक. अक्षरं नुसती हलत होती.

वाट लागली!

बाई पुढे आल्या. "साहेब, तिला वाचता येत नाही. मी शिकवायला कमी पडले. तसंच लिहा."

साहेबांनी लिहिलं. हेडमास्तर कितीतरी दिवस बाईंशी धड बोलत नव्हते.

मला वाटलं, आता मार बसणार. बाई एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसायचं. अगदी पहिल्यापासून सुरू करू."

मला वाचता न येणं एका मोठ्या माणसाने आपल्या अंगावर घेतलं होतं. मी खूप रडले.

दुसऱ्या दिवशी न्यायला कोणी आलं नाही. आई बोंबलांची पाटी घेऊन हाका मारत राहिली.

मी दप्तर उचललं आणि शाळेकडे पळत सुटले.

बाई, हे सगळं मी स्वतः टाइप केलंय. नात म्हणाली, "आजी, तू सांग, मी लिहिते." मी तिला नको म्हटलं.

सावकाश जा, बाई. नमस्कार करते.