तिसऱ्या प्रमाणपत्राची धास्ती

थॉर्नक्लफ गावात क्लिफर्ड एंटविसलइतका खात्रीने हरणारा माणूस दुसरा नव्हता. त्याची कबुतरं शर्यतीला सोडली की दुसऱ्या दिवशी, वाटेत कुठेतरी जेवूनखाऊन आल्यासारखी परतत. भाजीच्या प्रदर्शनात त्याच्या लीककडे, म्हणजे त्या जाडजूड कांदापातीकडे, कधी कुणी ढुंकून बघितलं नाही. गावच्या ब्रास बँडमध्ये तो अर्धं आयुष्य कॉर्नेट वाजवत होता, आणि तो बँड दर वर्षी स्पर्धेला जाऊन न चुकता शेवटचा येई. त्याची बायको नोरीन त्याच बँडातल्या सगळ्यात मोठ्या भोंग्यावाल्याबरोबर निघून गेली, तेव्हाही क्लिफर्डने त्या माणसाशी हात मिळवला होता. गावात यावर कुणी हसलं नाही. म्हणजे त्याच्यासमोर हसलं नाही.

बस चालवण्याची नोकरी संपली, घर सुनं झालं, तेव्हा त्याने कुत्रं आणायचं ठरवलं. आमच्या खोऱ्यात कुत्रं म्हणजे विपेट. शिडशिडीत, पाठीला बाक, पोट पाठीला लागलेलं, धावताना वाऱ्याच्या पुढे आणि घरात असताना सोफ्यावर. गिरणीत राबणाऱ्यांनी पूर्वी स्वतः उपाशी राहून विपेट पोसले. ते दिवस गेले, गिरण्या गेल्या, विपेट मात्र राहिले आणि आता त्यांची वंशावळ आमच्यापेक्षा लांब असते.

त्या वंशावळी ज्यांच्या हातात त्या मिसेस ऑलरेनशॉ. टेकडीवरच्या शेतघरात त्या एकट्या राहत आणि पिल्लं द्यायच्या आधी माणसाची अशी उलटतपासणी घेत की जणू मुलगीच द्यायची आहे.

"कुंपण किती उंच?"

"माझ्या छातीएवढं."

"वाढवा. दिवसभर घरी कोण असतं?"

"मीच. आणखी कुणी नाही."

"सोफ्यावर बसू देणार?"

इथे क्लिफर्डने अंदाज बांधला आणि सवयीप्रमाणे तो चुकला. "छे हो! सोफ्यावर अजिबात नाही. शिस्त म्हणजे शिस्त."

मिसेस ऑलरेनशॉ उठून उभ्या राहिल्या. "मग तुम्हाला विपेट नकोय, मिस्टर एंटविसल. तुम्हाला पायपुसणं हवंय."

तेवढ्यात एक करड्या रंगाचं पिल्लू डुगडुगत आलं, त्याच्या बुटावर बसलं आणि झोपलं. क्लिफर्डने पाय हलवला नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलवला नाही. मिसेस ऑलरेनशॉ बराच वेळ त्या बुटाकडे बघत होत्या.

"ही विकायची नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "वेतातली सगळ्यात सरस ती हीच. पण हिची बहीण मी ठेवलीय, दोघींना आत्ता जागा नाही. तुमच्याकडे राहील. तुम्ही तिला प्रदर्शनात उतरवायचं, मन लावून उतरवायचं. तीन वर्षांची होईपर्यंत ती चँपियन झाली तर माझ्याकडे परत, तिची पिल्लं मला हवीत. नाही झाली तर जन्मभर तुमची."

दुसऱ्या कुणी या अटीवर दहा वेळा विचार केला असता. क्लिफर्डला मात्र मनातून हसू आलं. त्याच्या हातून काहीतरी चँपियन होणार? त्याने हात पुढे केला. लेखी काही झालं नाही. आमच्याकडे हात मिळवला की झालं, आणि मग माणूस घर गमावेल पण शब्द फिरवणार नाही. इतर बाबतीत आम्ही बरे वागतो.

कुत्रीचं वंशावळीतलं नाव सहा शब्दांचं होतं आणि त्यात चांदी, धुकं आणि एक राजकन्या होती. क्लिफर्डने तिला टिली म्हटलं. तिच्यासाठी त्याने मऊ गादीची टोपली आणली. तिने टोपली हुंगली, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि ती त्याच्या पांघरुणात शिरली. शिस्त म्हणजे शिस्त, असं क्लिफर्ड तिला म्हणाला आणि थोडा सरकून त्याने तिला जागा करून दिली. नोरीन गेल्यापासून पलंगाची ती बाजू थंडच असायची.

चर्चच्या हॉलमध्ये मंगळवारी प्रदर्शनाची शिकवणी असे. टेबलावर उभं राहायचं, परक्या माणसाने दात बघितले तरी चावायचं नाही, मालकाच्या डाव्या बाजूने सरळ रेषेत दुडकत जायचं, परत यायचं. बाकीची पिल्लं पट्टा चावत, एकमेकांच्या अंगावर पडत, हॉलच्या मधोमध मुतून ठेवत. टिली टेबलावर चढली आणि नाण्यावरच्या चित्रासारखी उभी राहिली. क्लिफर्डला वाटलं, घाबरली असेल.

पहिल्याच प्रदर्शनात तिला लाल रिबिनीचं फूल मिळालं. लाल म्हणजे पहिला नंबर. परीक्षकाची चूक झाली असणार, म्हणून क्लिफर्ड ते परत द्यायला गेला. "नको, असू द्या," परीक्षक गोंधळून म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा लाल. मग मोठी प्रदर्शनं आली. चँपियन व्हायचं तर तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन मोठी प्रमाणपत्रं लागतात, लोकांचा जन्म जातो त्यात. टिलीने पहिलं दोन वर्षांची व्हायच्या आत मिळवलं आणि दुसरं त्यानंतर लगेच. दुसऱ्याच्या वेळी सगळे टाळ्या वाजवत होते आणि क्लिफर्डचा चेहरा पांढराफटक पडला होता.

त्याचा एकच मित्र, खाटीक स्टॅन टॅटर्सल. बाजारात त्याचा गाळा होता आणि मिसेस ऑलरेनशॉच्या कुत्र्यांसाठी मटण तोच पोचवायचा. क्लिफर्डने त्याच्यापाशी मन मोकळं केलं.

"अरे, मग हरव की तिला!" स्टॅन सुरा पुसत म्हणाला. "जन्मभर तेवढंच तर केलंस. आता खरी गरज आहे तर विसरलास होय?"

"कसं हरवू?"

"लोणीदार पेस्ट्र्या खाऊ घाल. माझ्या गाळ्यावरच्या, डुकराचं मटण भरलेल्या. महिन्याभरात पिंप होईल तिचं."

क्लिफर्डने घातल्या. टिलीने आवडीने खाल्ल्या आणि टेकडीवर ससे दिसताच धावून त्या जिरवल्याही. वजन वाढलं ते क्लिफर्डचं. मग स्टॅन म्हणाला, कुत्र्यांच्या खेळात घाल, लक्ष उडेल तिचं. अडथळ्यांच्या शर्यतीत टिली पहिली उडी चुकवून बोगद्यात शिरली आणि आत आरामात पसरली. बाहेरून शिट्ट्या झाल्या, हाका झाल्या, शेवटी क्लिफर्डलाच रांगत आत जावं लागलं. सगळं मैदान हसत होतं आणि तो बोगद्यातून मागे सरकत बाहेर आला तेव्हा त्याच्याइतका सुखी माणूस तिथे कुणी नव्हता. ही कुत्री हरू शकत होती! त्याने घरी जाऊन बिअरची बाटली फोडली. पण सौंदर्याच्या परीक्षकांना बोगद्याशी काय देणंघेणं?

"एक शेवटचा उपाय आहे," स्टॅन म्हणाला. "कुत्र्यांना दोरीने ओढलेल्या चिंधीमागे पळवतात ना, त्या शर्यतीत सोड. तारेबिरेत अडकून कान फाटला की प्रश्न मिटला."

त्यानंतर महिनाभर क्लिफर्डने मटण दुसरीकडून आणलं.

टिली तीन वर्षांची व्हायच्या आधीचं ते शेवटचं मोठं प्रदर्शन. स्कॉटलंडहून आलेल्या उंच, हाडकुळ्या बाई परीक्षक होत्या. क्लिफर्डने या वेळी पक्कं ठरवलं होतं. टिलीचा मागचा पाय जरासा आत ठेवायचा, पट्टा जरा ओढून धरायचा, म्हणजे तिची मान आखडेल. कुणाला कळणार नाही. मन लावून उतरवीन असा शब्द दिला होता हे त्याला ठाऊक होतं. पण घरी येऊन ती थंड बाजू पुन्हा बघण्यापेक्षा हे पाप परवडलं, असा त्याने मनाशी हिशेब केला होता.

शेवटी रिंगणात दोघीच उरल्या. टिली आणि मिसेस ऑलरेनशॉचीच, टिलीबरोबर जन्मलेली तिची बहीण. खुद्द मिसेस ऑलरेनशॉ तिचा पट्टा धरून शेजारी उभ्या होत्या. परीक्षकबाई मागे सरल्या, डोळे बारीक करून एकीकडून दुसरीकडे बघू लागल्या. क्लिफर्डने टिलीचा मागचा पाय आत सरकवला. ती वाकडी दिसायला लागली. बाईंची नजर टिलीवर आली आणि तिथे थांबली.

आणि त्याला ते बघवेना. त्याच्या उभ्या आयुष्यात त्याच्या कुठल्याही गोष्टीकडे कुणी असं थांबून बघितलं नव्हतं. आता बघत होतं, तर टिली वाकडी! त्याचा हात आपणहून खाली गेला, पाय जागेवर ठेवला, मानेवरून एकदा फिरला. टिलीने डोकं उचललं. परीक्षकबाई सरळ टिलीकडे चालत आल्या आणि तिसरं प्रमाणपत्र देत त्यांनी त्याचा हात हातात घेतला.

क्लिफर्ड रडला. लोकांनी हातरुमाल पुढे केले, पाठ थोपटली. किती साधा माणूस, आनंद सोसवेना, असं म्हणत ते चहाला गेले.

मिसेस ऑलरेनशॉ तेवढ्या राहिल्या. "अभिनंदन, मिस्टर एंटविसल. सुंदर उतरवलीत."

"आभारी आहे."

"मग, सोमवारी येऊ?"

"या की," क्लिफर्ड म्हणाला.

सोमवारी त्या आल्या. क्लिफर्डने चांगले कप काढले होते. हवेवर बोलणं झालं, कुंपणाच्या उंचीवर झालं, मग हवेवर पुन्हा झालं. टिली सोफ्यावर दोघांच्या मध्ये झोपली होती. मिसेस ऑलरेनशॉ दारापाशी पोचल्यावर वळल्या.

"तुम्हाला काही म्हणायचंय का?"

"नाही नाही," क्लिफर्ड म्हणाला. "ठरलं ते ठरलं." त्याने टोपली त्यांच्या गाडीत ठेवली. ती अजून कोरी होती. टिली मागच्या काचेतून बघत होती, कारण फिरायला निघालोय तर क्लिफर्ड गाडीत का बसत नाही, हे तिला कळत नव्हतं. गाडी वळेपर्यंत तो हात हलवत राहिला. घरात येऊन त्याने कप विसळले, आणि मग नळ सुरू ठेवूनच तो खाली बसला.

पंधरवड्याने तो स्टॅनच्या गाळ्यावर गेला. स्टॅनने त्याला बघताच सुरा खाली ठेवला.

"तू गाढव आहेस, क्लिफ."

"का रे?"

"काल मी वर मटण द्यायला गेलो होतो. म्हातारी काय म्हणाली माहितीय? म्हणाली, त्याने एका शब्दाने विचारलं असतं तर मी तिला तिथेच ठेवून आले असते. दारात उभी राहून वाट बघितली म्हणे. पण तू असा गार! तिला वाटलं, कंटाळलास कुत्रीला, सुटका झाली तुझी."

"मग तिनेच का नाही विचारलं?"

"ती कशी विचारणार? तू शब्द दिला होतास ना! शब्द पाळणाऱ्या माणसाला शब्द मोडतोस का म्हणून विचारायचं? अपमान नाही का तो?"

क्लिफर्डला हे पटलं. म्हणूनच तर सगळा घोळ झाला होता.

त्यानंतरच्या रविवारी तो दाढी करून, टाय बांधून, बसने टेकडीवर गेला. वाटभर एकच वाक्य घोकत होता: मला टिली परत हवी आहे. पाच शब्द जुळवायचे होते. मिसेस ऑलरेनशॉनी दार उघडलं आणि त्यांच्या पायांतून टिली बाणासारखी सुटली. तिने त्याला खाली पाडलं, त्याचा चष्मा चाटला, टाय चावला. पायरीवर बसल्या बसल्या त्याने तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि तो काही वेळ तसाच राहिला. मिसेस ऑलरेनशॉ तोवर फुलझाडांकडे बघत होत्या.

मग चहा झाला. टिली त्याच्या मांडीवर डोकं टाकून पडली होती.

"मिसेस ऑलरेनशॉ," क्लिफर्ड म्हणाला.

"बोला," त्या लगेच म्हणाल्या. कप त्यांच्या ओठांजवळच थांबला होता.

क्लिफर्डने तोंड उघडलं. "केक छान झालाय," तो म्हणाला.

"आणखी देऊ?"

"द्या की."

ऊन कलल्यावर तो निघाला. टिली त्याच्याआधी दारात जाऊन उभी राहिली. मिसेस ऑलरेनशॉनी खुंटीवरचा तिचा पट्टा काढला आणि तो हातात धरून त्या थांबल्या. त्याने पट्ट्याकडे पाहिलं, त्यांनी आभाळाकडे. तिघेही तसेच उभे होते, आणि एवढं स्पष्ट दिसत असलेलं बोलून दाखवणं म्हणजे उद्धटपणाच झाला असता.

"पुढच्या रविवारी पाऊस नसला तर येईन म्हणतो," क्लिफर्ड म्हणाला.

"या ना," मिसेस ऑलरेनशॉ म्हणाल्या, आणि त्यांनी पट्टा परत खुंटीला अडकवला.